मन्नाएखेळ्ळीवरून समोरच्या घरी

हुमनाबादेत भित्र्या माणसांची स्पर्धा भरली असती तर माझे चुलत सासरे तिला गेले नसते, कारण जायला रस्ता ओलांडावा लागला असता. पण पहिला नंबर घरबसल्या त्यांनाच मिळाला असता. मी बावीस वर्षं नर्स आहे. सुई बघून खुर्चीसकट मागे सरकणारे पैलवान मी बघितलेत, बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला की डोळे मिटून घेणारे मास्तर बघितलेत. ती सगळी हौशी माणसं. त्यांना कशाची भीती वाटते ते धड सांगता येत नाही. या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना विचारा, ते गाडीचा नंबर, टायरची अवस्था आणि ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला असेल याच्या अंदाजासकट सांगतील. कारण मामांनी एकतीस वर्षं पुणे–हैदराबाद लाइनीवर लॉरी चालवलेली आहे. ज्या रस्त्यावर सगळं आयुष्य काढलं, त्याच रस्त्याच्या कडेला आता ते बाजेवर बसून असतात आणि तो पायी ओलांडायला तयार नसतात.

आमचं घर हायवेच्या अलीकडं, नव्या लेआउटात आहे. बाकीचं सगळं पलीकडं. बाजार, शाळा, मी कामाला जाते तो दवाखाना, विहार, आणि मामांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा मधला रस्ता दोन गाड्यांपुरता होता. कडेला लिंबाची झाडं होती आणि लॉरीवाले त्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून वरण शिजवायचे. आत्याबाई तिकडून हाक मारायच्या आणि माझी पोरगी भाजीची वाटी घेऊन धावत जाऊन यायची. मग झाडं गेली. रस्ता चौपदरी झाला, मध्ये डिव्हायडर आला, दोन्ही अंगाला सर्व्हिस रोड आले. ज्या ढाब्यावर मामा तीस वर्षं जेवले त्याला काचा लागल्या, बाहेर 'फॅमिली रेस्टॉरंट' असा बोर्ड लागला आणि मामांना आत कसं बसावं हे कळेना. पलीकडच्या शेतात कारखान्यांची पत्र्याची शेडं उभी राहिली. लोकांनी डिव्हायडर एका जागी फोडून माणूस आणि मोटारसायकल जाईल एवढी फट केली. अधिकारी येऊन ती बुजवतात, महिन्याभरात ती पुन्हा उघडते. आमच्या लेआउटातली सगळी माणसं त्या फटीतून जगात जातात. मी सुद्धा. सकाळी आठच्या ड्युटीला जाताना एकदा आणि परत येताना एकदा.

मामी गेल्यापासून मामा आमच्याकडेच असतात. मूलबाळ नाही. पहाटे उठतात, अंघोळ करतात, पांढरा टॉवेल खांद्यावर टाकतात आणि बाज रस्त्याकडे तोंड करून लावतात. दुसरी म्हातारी माणसं पेपर वाचतात, मामा लॉऱ्या वाचतात. मी चप्पल घालायला बाहेर आले की त्यांचं वाचन मला ऐकावं लागतं. "सुनबाई, थांब जरा. त्या ड्रायव्हरचं कोपर बघ, खिडकीबाहेर हाय. म्हणजे एका हातानं चालवायलाय. दुसऱ्या हातात एक तर च्या हाय, न्हाईतर फोन. दोनीबी वाईट." मी म्हणते, "मामा, मला उशीर व्हायलाय." ते म्हणतात, "उशीर झालेली बाई घरला येती. ही दुसरी बघ. लोड गाडी हाय, पाटे सरळ झालेत. हिला थांबायला हितून त्या रेस्टॉरंटापतोर जागा लागती. तू मधी आलीस तर त्येचाबी नाइलाज, तुझाबी नाइलाज." पाटे म्हणजे चाकावरच्या कमानी. ओझं जास्त झालं की त्यांचा बाक जातो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे कोणी शिकवेल असं वाटलं नव्हतं, पण आता मलाही ते कळतं.

त्यांचे नियम सगळ्या लेआउटाला पाठ होते. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून पिशवी पाठीला. डोक्यावर पदर नको, कडेचं दिसत नाही. रस्त्यात चप्पल सुटली तर चपलेला रामराम. ड्रायव्हरनं दिवे मिचकावले म्हणजे तो 'या' म्हणत नाही, 'मी यायलोय' म्हणतो. चौकात सिग्नल बसला तेव्हा आमच्या शेजारचे रिटायर्ड तलाठी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आता तरी भ्यायचं काय कारण न्हाई की, लाल दिवा लागला की गाडी थांबतीच." मामा शांतपणे म्हणाले, "दिवा गाडी थांबवत न्हाई तलाठीसाहेब, ब्रेक थांबवतंय. आन ब्रेक कधी तपासला, ते त्या दिव्याला ठावं न्हाई." या तलाठ्यांच्या मुलीचं लग्न पलीकडच्या हॉलात होतं. नवरदेवाकडची मंडळी आमच्या लेआउटात उतरली होती आणि वरात वाजतगाजत फटीकडे निघाली. मामा बाजेवरून उठले आणि बँडवाल्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. "वाजवायचं बंद करा. लॉरी ऐकू यायली न्हाई." बँडवाले वयाला मान देऊन थांबले. मग मामांनी वरातीच्या तीन तुकड्या केल्या, नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं आणि सगळ्यांना एकमेकांचा हात धरून मुक्यानं पलीकडं धाडलं. नवरदेवाची आई तलाठ्यांना म्हणाली, "आमी वरात आणली हो, तुमी मयत केलात." तलाठी सहा महिने मामांशी बोलले नाहीत. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की मोजून तिकडं तेवढे पोचले की न्हाई?

त्यात हल्ली विजेच्या स्कूटर आल्या. एक दिवस कुरिअरवाला पोरगा तसल्या स्कूटरवरून मामांच्या बाजेमागून येऊन उभा राहिला आणि "अंकल, सही" म्हणाला. मामांनी जी किंकाळी मारली ती ऐकून मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले. "आवाज न्हाई ती गाडी न्हाई," ते दिवसभर सांगत होते, "सापाची जात हाय ती. साप तरी मानसाला बघून बाजूला सरकतंय." त्यानंतर आमच्या घरी पार्सल आलं की मामा दार लावून घ्यायचे आणि सही खिडकीतून करायचे.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. मला रस्त्याची भीती वाटत नव्हती. रस्ता हे काम आहे, केलं की झालं, असा माझा हिशेब. पण मामा सुरुवातीपासून इतके भित्रे नव्हते हेही सांगायला पाहिजे. नियम लावून का होईना, ते स्वतः रस्ता ओलांडायचे. पौर्णिमेला वंदनेसाठी विहारात जायचे, शनिवारी बहिणीकडे जेवायला जायचे. दोन वर्षांमागं आमचा दूधवाला गेला आणि ते थांबलं. तो रोज सकाळी कॅन घेऊन त्या फटीतूनच यायचा. मामांचा आवडता विद्यार्थी होता. थांबायचा, दोन्हीकडं बघायचा, मामांकडं बघायचा, मामांनी मान हलवली की निघायचा. त्या दिवशीही त्यानं तसंच केलं. मामांनी मान हलवली होती. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा ड्युटीवर मीच होते. करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी कागद भरले, अंगावर चादर घातली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. संध्याकाळी घरी आले तर मामा बाजेवर नव्हते. आत, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला फक्त एवढं म्हणाले, "त्यानं समदं बराबर केलतं, सुनबाई." त्यानंतर त्यांनी कुणाला नियम सांगितले तरी मान कधी हलवली नाही, आणि स्वतः त्या फटीत पाऊल ठेवलं नाही.

आता प्रश्न बहिणीचा. आत्याबाईंचं घर आमच्या घराच्या अगदी समोर, सर्व्हिस रोडला लागून. मामा बाजेवर बसले की आत्याबाई त्यांच्या ओट्यावर बसलेल्या दिसतात. मध्ये दोनशे फूट असतील नसतील. पंचाऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, दातांचं काम हिरड्यांकडून करून घेणाऱ्या आणि कुणालाही न भिणाऱ्या बाई. भावाला कधी नावानं हाक मारत नाहीत, 'ड्रायव्हर' म्हणतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मामांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं आणि पहिला शनिवार जेवणाविना गेला, तेव्हा त्यांनी ओट्यावरून एवढ्या मोठ्यानं शिव्या घातल्या की मधल्या लॉऱ्यांचे हॉर्न कमी पडले. माझे यजमान म्हणाले, मोटारसायकलवरून सोडतो. मामा म्हणाले, मोटारसायकल त्या फटीत आडवी करावी लागती, आडव्या गाडीला देवबी वाचवत न्हाई. रिक्षा? रिक्षाला तर ते गाडीच मानत नाहीत. चार दिवस ते बाजेवरून नुसत्या बस बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मार्ग काढला, आणि तो मार्ग काढायला एकतीस वर्षं लाइनीवर काढलेला माणूसच लागतो.

आमच्या अंगाला बसथांबा होता. तिथून हायवेवरच्या पुढच्या गावाची, मन्नाएखेळ्ळीची बस मिळायची. मन्नाएखेळ्ळीला बस पुलाखालून वळून स्टँडात शिरते. तिथं खाली उतरायचं, त्याच स्टँडात उभ्या असलेल्या परतीच्या बसमध्ये बसायचं. परतीची बस हायवेच्या पलीकडच्या अंगानं येते आणि आत्याबाईंच्या ओट्यापासून वीस पावलांवर थांबते. सबंध प्रवासात पायानं रस्ता ओलांडायचा नाही. समोरच्या घरी जायला मामा दर शनिवारी मन्नाएखेळ्ळीवरून जायला लागले. धुतलेलं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली, आणि जाताना मला सांगायचे, "निघालो बग, सुनबाई. सांजच्याला येतो." परत येताना त्याच अंगानं गावातल्या स्टँडात जायचं आणि तिथून मन्नाएखेळ्ळीच्या बसनं आमच्या थांब्यावर उतरायचं. कंडक्टर त्यांना ओळखायला लागले. एक नवा कंडक्टर होता, त्यानं कन्नडमध्ये विचारलं, अप्पा, दर आठवड्याला मन्नाएखेळ्ळीला कोण आहे तुमचं? मामांनीही कन्नडमध्येच सांगितलं, तिथं कोणी नाही, माझी अक्का आपण निघालो तिथंच राहते. तो कंडक्टर पुढचे दोन थांबे पुकारायला विसरला म्हणतात.

आत्याबाईंना हे सगळं ओट्यावरून दिसायचं. भाऊ थांब्यावर आला, बसमध्ये चढला, गेला. मग त्या चहा ठेवायच्या. दीड-दोन तासांनी भाऊ वीस पावलं चालून घरात शिरायचा आणि त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "आलास का ड्रायव्हर? परवास कसा झाला? च्या तीनदा उकळली, आता काढा म्हणून पी." जेवायला मात्र बाहेरगावच्या पाहुण्याचा मान असायचा. चुरमुऱ्यांचा सुशीला, पोळी, तुरीचं वरण, वर तूप. एकदा मीही त्यांच्याबरोबर तसा प्रवास केला, मला त्या दिवशी सुट्टी होती. कर्नाटकात आम्हा बायकांना बसचं तिकीट लागत नाही, तेव्हा मामा रस्ताभर मला ऐकवत होते, की ह्या सरकारानं भित्र्या बापयांसाठीबी कायतरी करायला पायजे. खिडकीतून त्यांनी मला त्यांचा सगळा रस्ता दाखवला. हितं मोठी चिंच होती. हितं पंक्चरवाला होता, त्याची बायको आंबाडीची भाजी करायची. हितं वळण होतं, आता सरळ केलंय, सरळ रस्त्यावर झोप जास्त येती. आता तिथं काहीच नव्हतं, डांबर होतं आणि पत्रा होता. पण ते बोट दाखवायचे आणि मी बघायची.

यंदा दिवाळी संपता संपता थांबा उठला. रस्ता आणखी रुंद होणार म्हणून आमच्या अंगाचा पत्रा, बाकडं, खांब सगळं काढून नेलं. आता मन्नाएखेळ्ळीची बस पाहिजे असेल तर गावातल्या स्टँडात जायचं. स्टँड पलीकडं. म्हणजे रस्ता ओलांडायला नको म्हणून जी बस पकडायची, ती पकडायला आधी रस्ता ओलांडायचा. मामांनी माझ्याकडून हे दोनदा वदवून घेतलं आणि मग बाज भिंतीपाशी सरकवून ठेवली. एक शनिवार गेला. दुसरा गेला. आत्याबाईंनी शिव्या घातल्या, मग हातवारे केले, मग तिसऱ्या शनिवारी नुसत्या बसून राहिल्या. हे मला बरं वाटलं नाही. शिव्या घालणारी म्हातारी बरी असते, हे मी वॉर्डात शिकलेय.

त्यानंतरच्या बुधवारी आत्याबाई ओट्यावर दिसल्या नाहीत. मामांनी मला सकाळी सांगितलं, मी कामावर जाताना डोकावले. न्हाणीत पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं आणि रात्रभर फरशीवर पडून छाती भरली होती. मी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, नातेवाईकांना बोलवून घ्या." हे वाक्य मी हजार वेळा दुसऱ्यांना सांगितलेलं आहे. आत्याबाईंनी मास्क बाजूला केला आणि मला म्हणाल्या, "ड्रायव्हरला सांग, आज तरी मन्नाएखेळ्ळीवरनं येऊ नको म्हणावं. तेवढा येळ न्हाई."

मी डॉक्टरांना सांगून अर्ध्या तासासाठी निघाले. रस्ता नेहमीसारखा ओलांडून अलीकडं आले. मामा दारातच उभे होते. मी लांबड लावली नाही. "मामा, आत्याबाई जास्त हायत. आता चला. माझा हात धरा." मामांनी टॉवेल कमरेला घट्ट बांधला, चप्पल काढून दारात ठेवली आणि अनवाणी माझ्यामागं आले. कडेला उभे राहिलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात मी किती म्हाताऱ्यांचे हात धरलेत, नाडी बघायला, सलाइन लावायला. त्या हाताची नाडी मोजायची मला हिंमत झाली नाही.

पहिला अर्धा रस्ता आम्ही कसा तरी पार केला आणि डिव्हायडरच्या फटीत येऊन उभे राहिलो. दोन माणसं उभी राहिली की ती फट भरते. पुढून गाड्या, पाठीमागून गाड्या, आणि प्रत्येक लॉरीबरोबर येणारा वारा माझी साडी पुढं ओढायचा. मी रोज इथं उभी राहते, पण मी गाड्या बघते. मोकळी जागा दिसली की निघते. त्या दिवशी मामा माझ्या कानाशी बोलत होते, थांबतच नव्हते. "ह्यो जेवायलाय, सुनबाई, मांडीवर डबा हाय. ह्यो कुणाशी तरी भांडायलाय. ह्याचे डोळे बघ. उघडे हायत, पर ह्यो झोपलाय. मला ठावं हाय, असं झोपता येतंय." आणि मी बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी काचेच्या आत बघितलं. खरंच एकाच्या मांडीवर डबा होता. खरंच एक माणूस आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याला दिसत नव्हतो. माझ्याकडे दवाखान्यात माणसं येतात ती नंतर येतात, सगळं होऊन गेल्यावर. आधीची माणसं मी कधी बघितली नव्हती. पेशंट माझा धरतात तसा मी मामांचा हात दोन्ही हातांनी धरला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, तुमच्या हातनं कधी कोण मेलं का?" खरं तर हे मला पहिल्यापासून वाटत होतं, की एवढ्या भीतीच्या मुळाशी असं काहीतरी असणार. ते म्हणाले, "न्हाई. एकतीस वर्सांत एक कोंबडीबी न्हाई मारलो." मग म्हणाले, "तेच तर मला कळंना झालंय, सुनबाई. म्या झोपलोय गाडीत. जहीराबादला डोळा लागला आन हितं हुमनाबादात उघडला, असं किती डाव झालंय. मधी गावं हुती. मानसं हुती. ती कशी वाचली? म्या वाचवलो न्हाई. उगीच वाचली. तो दूधवाला उगीच मेला तशी."

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्यांचा, डुलत, सावकाश. ट्रॅक्टरच्या पुढं मोकळी जागा होती, भरपूर. मला फक्त तिथून निघायचं होतं. मी पाय उचलला. मामांनी माझा पदर पाठीमागून असा धरला की खांद्याची पिन तुटली. त्याच क्षणी ट्रॅक्टरच्या आडून एक पांढरी कार सुटली आणि मी जिथं पाय ठेवणार होते तिथून गेली. हॉर्न सुद्धा नंतर वाजला. ट्रॅक्टर डुलत डुलत गेला. मामांनी पदर सोडला नाही. त्यांनी डावीकडं बघितलं, खूप वेळ बघितलं, ओठ हलत होते, आणि मग मला म्हणाले, "आता." आणि पुढं तेच निघाले. मी मागं. हात त्यांनी धरलेला होता, मी नाही.

दवाखान्यात आत्याबाईंनी त्यांना बघितलं. अनवाणी पाय बघितले, धुळीनं भरलेले. मास्क काढला. मी ओरडले, तरी काढला. "चालत आलास व्हय रे?" असं विचारलं. मामा म्हणाले, "व्हय अक्का." मग ते बेडशेजारच्या स्टुलावर बसले, आणि मी माझ्या कामाला लागले, कारण तीन नंबरच्या बेडचं सलाइन संपलं होतं.

आत्याबाई गेल्या नाहीत. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. हाड धरायला वेळ लागला, आणि आता त्या उठत नाहीत, ओट्यापर्यंत उचलून आणावं लागतं. मामा त्यांच्याच घरी राहिले. मी पहिल्या आठवड्यात विचारलं, घरी कधी येता, तर म्हणाले, "एक डाव आलो ते आलो. परत जायला तेवढंच काळीज पुन्यांदा लागतंय, ते कुठनं आणू?" ते स्वयंपाक करतात. ड्रायव्हर माणूस, स्टोव्हवर वरण शिजवायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आत्याबाई म्हणतात मीठ जास्त पडतंय. शिव्या पुन्हा सुरू झाल्यात, ही चांगली खूण आहे. आमच्या दारातली त्यांची चप्पल मी पहिल्याच दिवशी पिशवीत घालून पलीकडं पोचवली.

ड्युटी संपली की मी आधी आत्याबाईंकडे जाते, पाठ बघते, औषध देते. मग घरी निघते. मामा कडेपर्यंत येतात. मी आता लवकर निघत नाही. एक एक काच बघते, आतला माणूस बघते, आणि ती गाडी जाऊ देते. लोक मोटारसायकलीवरून हसत पुढं जातात. तेवढा वेळ मामा माझ्याजवळ उभे असतात आणि मी पाऊल टाकलं की ते पाठ फिरवतात. त्यांना ते बघवत नाही. रस्त्याकडे पाठ करून, टॉवेल दोन्ही हातांनी धरून, आत्याबाईंच्या भिंतीकडे बघत उभे राहतात. मी अलीकडं पोचते आणि फोन करते. "पोचले, मामा." मग ते वळतात, मला एकदा बघतात आणि आत जातात.

मागच्या आठवड्यात पोरगी कॉलेजातून आलेली नव्हती, मी घाईत पोचले, दार उघडलं, कणीक मळायला घेतली. पोरगी आली. चार पोळ्या झाल्या. पाचवी लाटताना आठवलं. हात तसेच घेऊन बाहेर पळाले. दिवस मावळायला आला होता, लॉऱ्यांनी दिवे लावले होते. पलीकडं, भिंतीजवळ, मामा पाठ करून उभे होते. अर्धा तास झाला असेल. इतका वेळ त्यांच्या मागं गाड्या जात होत्या आणि ते प्रत्येक गाडी ऐकत होते. आत्याबाई आतून काहीतरी ओरडत असाव्यात, कारण ते त्या अंगाला मान हलवत होते, पण जागचे हलले नव्हते.

कणकेच्या हातानं मी फोन लावला. ते सदऱ्याच्या खिशात हात घालून फोन शोधू लागले, हाताला लवकर लागेना. मग कानाला लावला, तरी वळले नाहीत.

"मामा, पोचले व. मघाच पोचले. इसरले."

तेव्हा ते वळले, फोन कानालाच ठेवून मला एकदा बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "पोळ्या जळतेल. जा."